बाळाच्या कानी

बाई खेकसल्या की खाटेवरच्या बाळंतिणीच्या कळासुद्धा थांबतात, असं पनवेलात बोललं जाई. त्यात थोडी अतिशयोक्ती होती. कळा थांबत नसत, बाळंतीण ओरडायची तेवढी थांबे.

मी त्यांच्या बरोबरीची होते, निदान कागदोपत्री. नवऱ्याची मीठखात्यात पनवेलला बदली झाली आणि तिथल्या दहा खाटांच्या सूतिकागृहात मला नर्सची जागा मिळाली. एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं ते बांधलं होतं आणि चार ट्रस्टी त्याचा कारभार बघत. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा. डॉक्टर सकाळी तासभर येऊन जात. बाकीचा दिवस बाईंचा, माझा आणि एका आयाचा.

पहिल्या दिवशी मी हजर झाले तेव्हा बाई खुर्चीत ताठ बसून झोपल्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, अंगावर पांढरं जाडंभरडं पातळ आणि पायात पुरुषी कातडी बूट. मी खाकरले तशी डोळे न उघडता म्हणाल्या, "साबण त्या कोपऱ्यात आहे. आधी हात धू, मग नाव सांग."

'दमले' हा त्यांचा शब्द. सकाळी आठला कामावर आल्या आल्या तो येई. मी नवी होते तेव्हा एकदा काळजीनं विचारलं, "घरी काही जादा काम निघालं होतं का?"

"नाही. जन्मल्यापासून दमलेय."

बाई ख्रिस्ती होत्या, नगरकडच्या. ख्रिस्ती नर्स म्हणजे गोड चेहरा, हळू आवाज, डोळ्यांत करुणा, असं लोकांच्या मनात असतं. बाई त्यातल्या कशातच बसत नव्हत्या. एका मामलेदारांच्या पत्नी दिवस भरलेल्या सुनेला घेऊन आल्या होत्या. बाईंनी त्यांना तीनदा खाटेवरून उठवलं, तेव्हा त्या दुखावून म्हणाल्या, "तुमच्या धर्मात तर प्रेमाला फार महत्त्व आहे म्हणतात."

"आहे ना. म्हणून तर बाळंतिणीच्या खाटेवर बसू नका म्हणते. प्रेम म्हणजे काय जिलबी आहे, तोंडात विरघळायला?"

धर्माविषयी त्या स्वतःहून अवाक्षर काढत नसत. गावात त्यांच्या पंथाची चार-पाच माणसं होती. दर रविवारी ती एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या ओटीवर जमत, एखादं गीत म्हणत, प्रार्थना करत. बाई न चुकता जात. तिथं काय करता, असं विचारलं तर म्हणत, "बसते. तासभर कुणी हाक मारत नाही."

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. चहा बिनसाखरेचा, आणि तोही उभ्यानं. पावसात छत्री असली तरी उघडायची नाही, काठीसारखी टेकत जायचं. खेड्यातून आलेल्या बाईला 'ए बाई' म्हणून हाक मारलेली त्यांना खपत नसे. नाव विचारायच्या आणि मग त्या नावानंच ओरडायच्या. वीटभट्टीवरची एक कातकरीण एकदा मला म्हणाली होती, "नर्सबाईनं माजं नाव घेऊन शिव्या दिल्या." तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

पण गावात बाई ओळखल्या जात त्या एकाच गोष्टीसाठी. बाळ जन्मलं, रडलं, नाळ बांधून झाली की त्याला फडक्यात गुंडाळून बाई खिडकीपाशी जात. आमच्याकडे पाठ करत, वाकत, आणि बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत. श्वास घेऊन सोडावा इतकाच वेळ लागे. मग वळून बाळ आईच्या कुशीत देत आणि आयावर ओरडत, "गरम पाणी कुठंय?"

मी दीड वर्ष ते नुसतं पाहिलं. मग एका उन्हाळ्यात, खाटा रिकाम्या होत्या, दुपारी आम्ही दोघी स्टोव्हवर कात्र्या-चिमटे उकळत बसलो होतो, तेव्हा विचारलं.

"बाई, बाळाच्या कानात तुम्ही काय सांगता?"

मला वाटलं, ओरडतील. त्या पातेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"मुलगी असली तर, 'देवाला तू हवी होतीस.' मुलगा असला तर, 'देवाला तू हवा होतास.' बस."

"एवढंच?"

"तुला काय वाटलं, मंत्र?"

मग त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली. फार वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात मोठा दुष्काळ पडला होता. माणसं वाटेवर मरून पडत होती. तेव्हा त्या दोन-अडीच वर्षांच्या असतील. रस्त्याकडेच्या बाभळीखाली एकट्या बसलेल्या सापडल्या. मिशनच्या गाडीवानानं उचलून आणलं. जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती, नावही तिथंच ठेवलेलं. पुढं कळत्या वयात त्यांनी मिशनच्या मडमेला विचारलं, "माझी आई मला टाकून का गेली?"

"मडम खोटं बोलायची नाही," बाई म्हणाल्या. "म्हणाली, 'ते मला ठाऊक नाही. उपाशी असेल. मेली असेल. पण तू आहेस, याचा अर्थ देवाला तू हवी होतीस.' मी आठ वर्षांची होते. तोपर्यंत मला वाटायचं, मी बाभळीलाच लागले."

"आणि ते तुम्हाला पटलं?"

"नाही. उशीर झाला होता. आठ वर्षांच्या पोरीला असलं काही पटत नाही. तिला वाटतं, मी नीट वागले तर कुणाला तरी हवी होईन. मग ती भांडी घासते, पाठ म्हणते, प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसते. जन्मभर तेच करत राहते." त्यांनी चिमट्यानं एक कात्री उचलून बघितली आणि परत पाण्यात सोडली. "ह्या पोरांनी अजून काहीच केलेलं नसतं. पुण्य नाही, पाप नाही. नाळसुद्धा पडलेली नसते. तेव्हाच सांगून टाकलेलं बरं. काही करायच्या आधीच तू हवी होतीस, एवढीच आमच्या धर्माची गोष्ट आहे. बाकीचं पोस्टमास्तरांना विचार."

"पण पुढं त्या पोराचे हाल झाले तर?"

"होणारच आहेत. हाल झाले म्हणून सांगितलेलं खोटं होत नाही. स्टोव्ह बारीक कर."

तो विषय तिथं संपला. मी घरी नवऱ्याला सांगितलं, तो हसला. आमचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्या संध्याकाळी मी बराच वेळ उगाच तांदूळ निवडत बसले.

पुढच्या वर्षी गावातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची सून आमच्याकडे बाळंत झाली. पहिला नातू. आजी खोलीच्या दाराशीच उभी होती. तिनं बाईंना खिडकीशी वाकलेलं पाहिलं. चौथ्या दिवशी पोराला कावीळ झाली. बाळांना होते तशीच, साधी होती, आठवड्यात उतरलीही. पण तोवर आजीनं सगळ्या पेठेत सांगून ठेवलं होतं, "सटवाई कपाळावर लिहायच्या आधीच हिनं कानात लिहून ठेवलं. पोराला बाटवलंन्."

गावात कुजबूज होतीच, आता तिला तोंड फुटलं. बाई पाणी लावून बाळांना ख्रिस्ती करते, मिशनकडून तिला माणशी पैसे मिळतात, असं काहीही. ज्या घरांतली तीन-तीन पोरं बाईंच्या हातची होती, तिथल्या बायका रस्त्यानं जाताना पदर पुढं ओढू लागल्या. शेवटी व्यापाऱ्यानं ट्रस्टींकडं लेखी तक्रार दिली आणि एका दुपारी आम्हाला दोघींना सूतिकागृहाच्याच कचेरीत बोलावलं.

आदल्या दिवशी नवरा म्हणाला होता, "आपण बदलीची माणसं. गावच्या वादात पडू नकोस. विचारलं तर एवढंच सांग, की मला ऐकू येत नाही." तो वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि मीही होते.

कचेरीत चौघं ट्रस्टी टेबलाभोवती बसले होते. त्यांतले एक वकील होते. अध्यक्ष वयस्कर होते, मनानं चांगले होते, त्यांना हा प्रकार लवकर मिटायला हवा होता.

वकिलांनी विचारलं, "बाई, तुम्ही बाळांच्या कानात बोलता, हे खरं?"

"खरं."

"काय बोलता?"

"ते बाळाला सांगितलेलं असतं. बाळालाच विचारा."

"बाई, ही थट्टेची वेळ नाही. बाळाला पाणी लावता का?"

"लावते."

चौघंही पुढं सरसावले.

"अंघोळ घालते," बाई म्हणाल्या. "नको घालू का?"

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "अहो, एका वाक्यात सांगून टाका ना. काही वाईट बोलत नसाल तर लपवायचं कशाला?"

मला वाटत होतं, आता सांगतील. इतकं साधं वाक्य. चौघं ऐकतील, हसतील, चहा मागवतील आणि आम्ही परत वॉर्डात जाऊ. पण त्या बोलेनात. तेव्हा वकील माझ्याकडे वळले.

"तुम्ही रोज बरोबर असता. तुम्ही काय ऐकलंत?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली होती आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. गिरणीकडे भाताची पोती घेऊन चाललेली एक बैलगाडी होती, तेवढंच.

"मी बाळंतिणीपाशी असते," मी म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

शब्दाशब्दानं बघितलं तर खोटं नव्हतं. खिडकीशी बोललेलं मला कधीच ऐकू आलं नव्हतं. पण मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे बाईंना ठाऊक होतं.

ठराव झाला. बाईंना कामावरून काढायचं नाही, कारण तसा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे वकिलांनाही मान्य होतं. पण यापुढं बाळ आईपासून दूर न्यायचं नाही, त्याच्या कानाशी लागायचं नाही, नाळ बांधली की थेट घरच्या बाईच्या हातात द्यायचं.

"चालेल," बाई म्हणाल्या. "झालं? दोन नंबरच्या खाटेवर ताप आहे."

मला वाटलं होतं, बाई हा नियम चार दिवसांत मोडतील. त्यांनी तो पाळला. नाळ बांधायची, पुसायचं, गुंडाळायचं आणि घरच्या बाईच्या हातात द्यायचं. खिडकीकडे त्या बघतसुद्धा नसत. आणि हळूहळू त्यांचं ओरडणं कमी झालं. बाळंतिणी म्हणू लागल्या, बाई आता किती शांत झाल्या. मला ती शांतता बघवत नसे. पूर्वी त्या दमलेल्या होत्या, पण त्या दमण्यात जोर होता. आता एखादं जनावर जू उतरल्यावरही तसंच मान खाली घालून उभं राहतं, तशा दिसत. मला नावानं हाक मारायच्या, काम सांगायच्या, बस. मीही कामापुरतंच बोलत असे. आम्ही सात महिने असे काढले.

मग बेलपाड्याची ती म्हातारी आली.

सून मिठागरावर काम करणारी, चौथं बाळंतपण. आधीच्या तीन मुली. बैलगाडीत घालून पहाटे निघाले होते, पोचेपर्यंत दिवस वर आला होता. डॉक्टर नुकतेच बघून गेले आणि पाऊण तासात ती सुटली. मुलगी. चांगली टणटणीत, पहिल्याच श्वासाला खणखणीत रडली.

बाईंनी तिला गुंडाळून म्हातारीपुढं धरलं. "घ्या."

म्हातारी भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. मिठानं भेगाळलेले पाय, कानात सोन्याच्या बुगड्या. तिनं मान वळवली. "परत पोरच का? र्‍हाऊंदे तिकडंच."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"कुठंबी. आमाला नको. तीन हायेत, तेच पोसवत नाय."

खाटेवर सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता.

"घरच्या बाईच्या हातात द्यायचं, असा नियम आहे," बाई म्हणाल्या. "घ्या."

"नाय."

बाई तशाच उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढं केलेले आणि त्यांवर पोर. मला वाटलं, आता पाळण्यात ठेवतील. ठेवलं नाही. आया पुढं झाली, तिला नजरेनंच मागं सारलं. वेळ जात होता. पोर रडून थकली आणि तोंडानं काहीतरी शोधू लागली. पोरीच्या भारानं बाईंचे हात खाली येऊ लागले. त्या तेव्हा साठीला आल्या होत्या. म्हातारी जमिनीकडे बघत होती आणि बाई म्हातारीकडे.

मला ते सहन होईना. माझ्या मनात काय आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कचेरीतली ती दुपार आली असेल. घरातला रिकामा पाळणा आला असेल, सासूबाईंनी हौसेनं आणून ठेवलेला, ज्यात आम्ही धुतलेल्या चादरी ठेवत होतो. मी पुढं झाले, बाईंच्या हातावरच्या त्या पोरीच्या कानाशी वाकले आणि बोलले. हळू बोलायचं भान राहिलं नाही, चांगलं मोठ्यानं बोलले.

"देवाला तू हवी होतीस."

पहिल्यांदा हलली ती सून. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय बोल्लीस तू?" म्हातारी म्हणाली.

मी परत सांगितलं.

म्हातारी मघाशी खालीच बघत होती, ती आता वर बघायला लागली. माझ्याकडे, मग बाईंकडे. मग अगदी साध्या आवाजात, तक्रार करावी तसं म्हणाली, "आमाला कदी कोन बोल्लं नाय असं."

बाईंनी पोर माझ्या हातात दिली. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, त्या म्हातारीसमोर जमिनीवर बसल्या. नियम बाळांसाठी होता, म्हाताऱ्यांविषयी त्यात काही नव्हतं. बाई पुढं वाकल्या, तिच्या बुगडीवरून पदर बाजूला केला आणि कानात बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, या वेळी खरोखरच नाही. पण म्हातारीचा चेहरा मी बघत होते. ती रडली वगैरे नाही. तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत राहिली, लांबून कुणी हाक मारली की माणूस कानोसा घेतं, तशी.

मग ती उठली आणि माझ्यापुढं हात केले. "द्या हिकडं," म्हणाली. "धराया पन येत नाय तुमाला. मान बगा कशी लोंबते."

मुलीला घेऊन ते तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून गेले. पुढं तिचं काय झालं मला ठाऊक नाही. बरंच झालं असेल असं म्हणायला मला आवडेल, पण ठाऊक नाही.

ती जन्मली त्याच दुपारी बाई चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि सात महिन्यांत पहिल्यांदा खुर्ची ओढून बसल्या. मी म्हणाले, "त्या दिवशी कचेरीत मला सांगता आलं असतं."

"हो."

"तुम्ही मान फिरवलीत. मला वाटलं, माझी किळस आली तुम्हाला."

"मी तुझ्याकडे बघितलं असतं तर तुला बोलावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. "नवरा, नोकरी, बिऱ्हाड, सगळं तुझ्या तोंडावर दिसत होतं. म्हणून बघितलं नाही."

मी विचारलं, "आणि तुम्ही स्वतः का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर ठराव केला असता. चार पुरुष टेबलाभोवती बसून ठरवणार, पोर हवं होतं की नव्हतं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं." त्यांनी कप खाली ठेवला. "चहा गुळमट झालाय. आयाला सांग, माझ्या कपात साखर टाकू नकोस म्हणावं."

बातमी अध्यक्षांपर्यंत गेलीच. त्यांनी मला एकटीला बोलावलं.

"असं कळलं की कानात बोलणं परत सुरू झालंय?"

"मी बोलले."

"तुम्ही?" ते चष्म्यावरून बघायला लागले. "तुम्ही तर आमच्यातल्या. पेणच्या ना?"

"हो. देवाला तू हवी होतीस, एवढंच बोलले. बाईही एवढंच बोलायच्या."

त्यांनी ते वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं. त्यात आक्षेप कुठं घ्यावा ते त्यांना सापडेना. "कुठल्या देवाला, ते बोललात का?"

"नाही."

"मग असू द्या," ते म्हणाले, आणि दमल्यासारखं हसले.

त्यानंतर नियम कुणी रद्द केला नाही आणि बाईंनी तो मोडलाही नाही. बाई बाळ धरत, मी बोलत असे. किती बाळांना सांगितलं असेल, मोजलं नाही. सुरुवातीला माझा आवाज भरून येई. पुढं पुढं तेही होईना. एकदा लागोपाठ तीन बाळंतपणं झाली, पाय तुटत होते, आणि तिसऱ्या पोराला मी ते वाक्य असं सांगितलं जसं वाणी भाव सांगतो. मला स्वतःचीच लाज वाटली. मी बाईंना म्हणाले, "आज नुसतं तोंडानं बोलले. मनात काही नव्हतं."

"माझ्या मनात तीस वर्षं काही नाही," बाई म्हणाल्या.

"काहीच नाही?" मी विचारलं.

"खरं सांगते. पोस्टमास्तर प्रार्थनेत रडतात. त्यांची बायको म्हणते, प्रभू जवळ आल्यासारखा वाटतो. मला कधी वाटला नाही. एकदाही नाही. लहानपणी वाटायचं, माझ्यातच काही कमी असेल. आता त्याचा विचार करत नाही. माझ्या वाटण्यावर त्याची माया टांगलेली असती तर कधीच पडली असती." बूट काढून त्यांनी सुजलेले पाय स्टुलावर ठेवले होते. "तू बोलत जा. वाटलं तर वाटलं."

मला वाटतं, बाईंकडून मी जे काही घेतलं ते एवढंच. ते धर्माचं होतं की नर्सिंगचं, मला सांगता येणार नाही.

साठ साल उलटून गेल्यावर त्यांची दृष्टी अधू व्हायला लागली. सुईत दोरा जाईना, मग औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं लागेनात. त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. ट्रस्टींनी छोटा समारंभ केला, शाल दिली. वकिलांनी भाषणात 'मातेची माया' असा शब्द वापरला, तेव्हा बाईंनी माझ्या कानात विचारलं, "कुणाविषयी बोलतोय हा?" आठवड्यानं त्या एसटीनं नगरला गेल्या. तिथं मिशनच्या आवारात त्यांच्यासारख्या एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी काही खोल्या होत्या.

चार वर्षांनी नणंदेच्या मुलीच्या लग्नाला आम्ही नगरला गेलो. तोवर आम्ही मूल होण्याची वाट बघणं सोडून दिलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच टांगा करून मिशनच्या आवारात गेले. तिथल्या एका बाईनं वाटेतच सावध केलं, "दिसत काही नाही. ओळखीतही गोंधळ होतो. आणि ओरडतात फार."

बाई ओसरीवर पाटाएवढ्या बाकावर बसल्या होत्या. ताठ, पूर्वीसारख्याच. डोळ्यांवर पांढुरकी साय. मी जवळ बसले, नाव सांगितलं. पनवेलचं, सूतिकागृहाचं, बेलपाड्याच्या म्हातारीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ओळख पटल्याची खूण दिसली नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून उलट माझाच हात धरला आणि माझ्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"नवी आलीस का ड्यूटीवर?"

"हो बाई."

"ही नखं घेऊन? ह्या हातांनी पोराला धरणार?"

लग्नासाठी म्हणून मी नखं वाढवली होती. आयुष्यात पहिल्यांदाच. बाईंनी शेजारच्या पिशवीत चाचपून एक लहान कात्री काढली. "सरळ बस. हात हलवू नकोस."

त्यांनी माझी नखं कापायला सुरुवात केली. दिसत नव्हतं, त्यामुळं प्रत्येक बोट आधी अंगठ्यानं पुढून-मागून चाचपायच्या, मग कात्री लावायच्या. एकेका बोटाला किती वेळ लागत होता. आवारात कुणीतरी पाणी शेंदत होतं. लग्नघरी माझी वाट बघत असतील, हे मला आठवलं आणि मी ते मनातून काढून टाकलं. दोन बोटांना कात्री लागली. मी हात हलवला नाही.

"दमलीस?" मधेच त्यांनी विचारलं.

"हो बाई. फार."

"दमायला होतंच. मलाही होतं." त्या करंगळी चाचपत होत्या. "देवाला होत नाही, हे एक बरं आहे."

दहा नखं झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले, म्हणजे चाचपले. मग पदरानं पुसले आणि सोडून दिले.

"जा आता," म्हणाल्या. "कामाला लाग."